बारा शब्दांचा जुज

खळ कोमट असावी. बोट बुडवलं तर चटका बसू नये, आणि बोट बाहेर काढलं तर थेंबाने खाली पडायची घाई करू नये.

*

तुमचं वॉलेट फक्त तुमचं आहे. बारा शब्द हरवले, तर आम्हीसुद्धा तुमची मदत करू शकणार नाही.

*

वारा उत्तरेचा, जोरात. तिसरी पेटी चार बोटं वाकडी बसली. कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं.

*

विकणे आहे. कागद कापायचं मशीन. ओतीव लोखंड, हाताने फिरवायचं चाक, पातं उत्तम. शुक्रवार दुपारपर्यंत रोख आणेल त्याला. नंतर भंगारात.

*

चष्मेवाली: बाई, तुमचे हात चालताना पाहिले की माझं डोकं दुखायचं थांबतं. (दोन नाणी पाठवली.)

*

बुडुक.

*

हा शेवटचा आवाज फोनचा.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला बाइंडरीणबाईंचा फोन खळीच्या बादलीत पडला. बाई एका हाताने खळ ढवळत होत्या, दुसऱ्या हाताने बादली धरली होती, आणि फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबून ठेवला होता. पलीकडे छापखानेवाले काका बोलत होते. मशीन तुम्हीच न्या म्हणत होते. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"फोनवर मान कशाला हलवायची?" लेक नंतर म्हणाली. "काकांना दिसणार होती का?"

"काकांना नाही दिसली. फोनला दिसली."

बाईंनी बाह्या सरसावून फोन बाहेर काढला, फडक्याने पुसला, उन्हात ठेवला. त्याच्या प्रत्येक भोकात खळ गेली होती आणि खळीचा धर्म ती विसरली नव्हती. जिथे गेली तिथे घट्ट बसली. दुपारपर्यंत फोन मेल्याचं दोघींनी मान्य केलं. बाईंनी फार मनाला लावून घेतलं नाही. फोन काय, दुसरा येतो. लेकीचा जुना फोन कपाटात पडूनच होता.

बाईंची खोली रस्त्याच्या पातळीला, एका खिडकीची. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर शिलाईची चौकट, कोपऱ्यात लाकडी शिकंजा, भिंतीला टेकून पुठ्ठ्याचे ताव. सव्वीस वर्षं बाई याच टेबलाशी पुस्तकं बांधत होत्या. पानं घडी घालून त्यांचे जुज करायचे, जुज शिवून एकत्र आणायचे, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. एकच काम त्यांच्याकडे होत नसे: शिवलेल्या पुस्तकाच्या तिन्ही कडा सरळ कापणं. त्याला मोठं मशीन लागतं. म्हणून दर आठवड्याला पुस्तकांचा गठ्ठा पिशवीत भरून त्या दोन गल्ल्या ओलांडून काकांच्या छापखान्यात जात. आता काका छापखाना बंद करून मुलाकडे राहायला निघाले होते. मशीन बाईंकडे आलं तर बाईंचा धंदा चालणार. भंगारात गेलं तर शिवलेली पुस्तकं वेड्यावाकड्या कडांची तशीच राहणार, आणि तशी पुस्तकं कुणी दारात उभी करत नाही.

पैशाची चिंता नव्हती. पैसे होते. फक्त ते फोनमध्ये होते.

*

हे कसं झालं ते सांगायला हवं.

चौदा महिन्यांपूर्वी लेकीने खिडकीच्या चौकटीला फोन बांधला आणि म्हणाली, "आई, तू नेहमीसारखं काम कर. बाकी मी बघते." तेव्हापासून दर मंगळवारी आणि शनिवारी दुपारी तीन वाजता बाई लाइव्ह असत. व्हिडिओखाली नाण्याचं छोटं चित्र होतं. बघणाऱ्याने त्याच्यावर बोट ठेवलं की त्याच्या वॉलेटमधली क्रिप्टोची नाणी थेट बाईंच्या वॉलेटमध्ये. कोण कुठल्या देशात बसलंय, कोणत्या बँकेत त्याचं खातं आहे, कुणी विचारत नसे. पुढे पुढे लोक टपालाने पानं पाठवू लागले, बांधणावळही त्याच ॲपवर नाण्यांत देऊ लागले.

बाईंना त्यातलं तंत्र कळलं नव्हतं, पण एक गोष्ट लगेच कळली होती. "मध्ये कुणी नाही," त्या शेजारणीला कौतुकाने सांगत. "दुकानदार नाही, दलाल नाही, 'पुढच्या महिन्यात या' म्हणणारा कारकून नाही. त्याने तिकडे बोट ठेवलं, मला इकडे मिळालं. असा माणूस सव्वीस वर्षांत भेटला नव्हता."

*

लेकीच्या जुन्या फोनवर ॲप उघडलं. व्हिडिओ होते, फॉलोअर होते, चष्मेवालीचे तीन नवे निरोप होते. वॉलेटवर बोट ठेवलं तर बारा रिकाम्या चौकटी आल्या.

"वॉलेटच्या किल्लीचे ते बारा शब्द टाकायचे," लेक म्हणाली. "तू लिहून ठेवले होतेस ना? पहिल्या दिवशी?"

"ठेवले की."

"कुठे?"

"तू सांगितलंस तिथे. कुणाच्या हाती लागणार नाही आणि कुणी फेकणारही नाही अशा जागी. तुलाही दाखवायचे नाहीत म्हणालीस, नाही दाखवले." बाई ऐटीत उठल्या, टेबलाखाली वाकल्या आणि एक पत्र्याची पेटी ओढून काढली.

लेकीने पेटीकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग कपाळाला हात लावला.

"आई. ही पाठीची पेटी आहे."

"हो मग? या घरात कुठलाही कागद फेकला जातो, याच पेटीतला कधी जात नाही. खरं की खोटं?"

खरं होतं. पेटीतला कागद फेकला जात नसे. तो वापरला जात असे. चांगल्या, चिवट कागदाच्या उरलेल्या पट्ट्या त्या पेटीत पडत, आणि प्रत्येक पुस्तकाची पाठ शिवून झाली की बाई तिच्यात हात घालून हव्या तेवढ्या रुंदीची पट्टी उचलत आणि पाठीवर चिकटवत. त्यावर पुठ्ठा चढला की पट्टी दिसेनाशी होई. बाईंनी चौदा महिन्यांपूर्वी बारा शब्द एका उत्तम पट्टीवर लिहिले होते. बाई वाईट कागदावर काही लिहीतच नसत.

दोघींनी पेटी टेबलावर उपडी केली. पट्ट्यांचा ढीग झाला. लेकीने एकेक पट्टी दोन्ही बाजूंनी पाहिली. बाई मात्र अंगठ्याने नुसत्या चाळत गेल्या आणि ढीग अर्धा व्हायच्या आत म्हणाल्या, "नाही यात."

"सगळ्या कुठे पाहिल्यास तू?"

"चार बोटं रुंद होती, आणि असल्या कागदाची यात एकही नाही. हाताला कळतं." त्या स्टुलावर बसल्या. "शिवली मी. कुणाच्या तरी पाठीत घालून शिवली."

"काय लिहिलं होतं ते आठवतंय का थोडं तरी?"

"एक कासव होतं."

"अजून?"

"बाकीचे कासवाबरोबर गेले."

लेक रडकुंडीला आली. चौदा महिन्यांचे मंगळवार, चौदा महिन्यांचे शनिवार. ॲपवाल्यांना लिहून उपयोग नव्हता, त्यांनी हात आधीच वर केले होते. नाणी होती, तिथेच होती, सगळ्या जगाला दिसतील अशी होती. फक्त त्यांना हात लावायचा हक्क एका पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेला होता, आणि ती पट्टी कुठल्या तरी पुस्तकाची पाठ सरळ ठेवत बसली होती.

बाईंनी चार बोटं टेबलावर टेकवून पाहिली. मग म्हणाल्या, "रडू नकोस. चार बोटं रुंद पट्टी जाड पुस्तकालाच लागते. जाड किती बांधली आपण?"

"मला काय माहीत?"

"मला माहीत आहे. पाच. आणि पाचही त्या खिडकीतल्या फोनसमोर बांधली. लाव व्हिडिओ."

*

जुना व्हिडिओ. मंगळवार, दुपार. लाइव्ह क्रमांक ८३. बाई सांगत आहेत:

"... म्हणून पाठीवर ही पट्टी. बघा, लिहिलेली बाजू असली तर ती आत, कोरी बाजू बाहेर. शाई असेल तर बाहेर उमटते म्हणून ही आमच्याकडची पद्धत. पेन्सिलीचं काही भय नाही, पण हाताला सवय ती सवय. आता ही पट्टी अशी निवडायची की पुढची शंभर वर्षं कुणाला तिची आठवणसुद्धा येणार नाही ..."

*

"आली आठवण," लेक म्हणाली. "चार महिन्यांत."

तिने व्हिडिओ थांबवला. पडद्यावर बाईंचा अंगठा, त्याखाली पिवळसर पांढरी, रुंद पट्टी. बाईंनी नाक जवळजवळ फोनला लावलं. "हीच. कडेला माझी सुरी जरा घसरली होती, ती खाच बघ."

"लिहिलेलं दिसलं नाही ना कुणाला?" लेकीने ते दृश्य मागेपुढे करून सात वेळा पाहिलं. पट्टी पेटीतून उचलल्यापासून पाठीवर बसेपर्यंत कोरी बाजू वर होती. अकराशे लोकांनी ती पाहिली होती आणि अकराशे लोकांना काहीही दिसलं नव्हतं. "सवय कामाला आली म्हणायची. पुस्तक कुणाचं हे?"

बाईंना ते विचारायची गरज नव्हती. टेबलावरचं पुस्तक त्यांना पानापानाने आठवत होतं. "क्रेनवाल्याचं."

क्रेनवाला म्हणजे ॲपवर 'उंचावरचा' या नावाने असलेला माणूस. दूरच्या एका बंदरावर जहाजातल्या मोठ्या पेट्या उतरवायच्या क्रेनवर तो काम करी. एकोणीस वर्षं त्याने रोजच्या पाळीची नोंद सुट्या पानांवर ठेवली होती आणि ती सगळी पानं बाईंकडे एका जाडजूड वहीत बांधायला पाठवली होती. वही बांधून परत गेली. त्याने नाणी पाठवली, शिवाय एक ओळ: "बाई, वही हातात धरली की माझंच वजन कळतं."

"तीन आठवडे," लेकीने हिशेब केला. "वही टपालाने इकडे यायला तीन आठवडे. शुक्रवारी मशीन भंगारात. नाही जमत."

"वही कशाला यायला हवी? त्यालाच सांगू, पाठ उघड आणि वाच."

लेकीने फोन खाली ठेवला. "आई, हे बारा शब्द ज्याच्या हातात तो मालक. त्याने वाचले, तिकडे टाकले, संपलं. पाच मिनिटांचं काम. पोलिसात जाशील तर पोलीस विचारतील, चोराने काय नेलं? तू सांगशील, कासव. तो माणूस कोण, कुठला, खरं नाव काय, तुला काही माहीत नाही. त्याला तू कधी पाहिलेलं नाहीस!"

"त्याची एकोणीस वर्षं शिवली मी."

"शिवलीस. वाचली नाहीस. तूच म्हणतेस ना, बाइंडरने दुसऱ्याची पानं वाचायची नसतात?"

"वाचायची नसतातच." बाईंनी चष्मा पुसला. "पण दिसलं तर काय डोळे मिटून शिवू? सुई बोटात जाईल."

मग त्यांनी सांगितलं. एकोणीस वर्षांच्या नोंदींत वारा, पाऊस, पेट्यांचे आकडे होते. आणि मध्येमध्ये लाल शाई. लाल शाईत फक्त त्याच्या स्वतःच्या चुका. दुसऱ्या कुणाची चूक लाल शाईत नव्हती. पेटी वाकडी बसली, लाल. खालच्या माणसाचा इशारा मिळायच्या आत दोर हलवला, लाल. साहेबाला खोटं सांगितलं की वारा जास्त होता, लाल; दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगितलं, साध्या निळ्या शाईत. कुणाला दाखवायला नव्हतं ते लिहिलेलं. कुणी वाचणारही नव्हतं.

"जो माणूस कुणी बघत नसताना स्वतःला पकडतो," बाई म्हणाल्या, "त्याच्यावर नजर ठेवायला मी कशाला बसू? लिही निरोप."

*

'उंचावरचा' यांना निरोप:

भाऊ, तुमच्या वहीत माझी एक वस्तू राहिली आहे. चूक माझी. वहीची पाठ उघडावी लागेल, पण मी सांगते तशी उघडलीत तर एकही पान सुटणार नाही. तुम्हाला कधी वेळ आहे?

उत्तर:

बुधवारी सकाळी. पाळी दुपारची आहे. हात धुऊन बसतो.

*

बुधवारी सकाळी फोनच्या पडद्यावर एक स्वयंपाकघराचं टेबल दिसलं, त्यावर वही, आणि वहीमागे दाढीवाला, रुंद खांद्यांचा माणूस. त्याने खरंच हात धुतले होते. बाह्या ओल्या होत्या.

"बाई, नमस्कार. सांगा."

लेकीने सकाळपासून घोकलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. आत बारा शब्द आहेत, ते अमुक आहेत, ते तमुक कुणाला दाखवायचे नाहीत, नुसते बघितले तरी. माणूस शांतपणे ऐकत होता. बाईंनी लेकीचं कोपर दाबलं, पण तिचं सांगून होईपर्यंत थांबल्या.

"बरं," तो म्हणाला. "आधी उघडू. दिसायचं बघायचं ते मग बघू."

"दाढीचं पातं आहे का घरात?" बाईंनी विचारलं.

"सव्वीस वर्षं दाढी ठेवली आहे, बाई."

"मग बारीक धारेचं काही?"

तो उठला, डबे उघडल्याचे आवाज आले, आणि तो शिलाई उसवायचं छोटं हत्यार घेऊन परतला. मागून एका बाईचा आवाज आला, "ते माझं आहे! धार गेली तर नवीन आणून द्यायचं, सांगून ठेवते!"

"आमच्या घरची साहेब," तो हळूच म्हणाला.

बाईंनी त्याला सांगितलं. पुठ्ठा उघडा. पहिलं पान आणि पुठ्ठा जिथे मिळतात तिथे घडी आहे. त्या घडीत टोक ठेवा आणि वरून खाली या, एका श्वासात, दाब द्यायचा नाही. दाब दिला की शिवण कापली जाते.

बाईंची नजर त्याच्या हातावर खिळली. एवढा मोठा पंजा, आणि टोक घडीतून असं उतरलं की पान थरथरलंसुद्धा नाही.

"किती वजनं उचलता हो या हाताने?"

"हात फक्त दांडी हलवतो. चाळीस टन दुसरं कोणीतरी उचलतं." त्याने दुसरी घडीही सोडवली. पुठ्ठा टोपीसारखा अलगद निघाला. आत वहीची उघडी पाठ, आणि तिच्यावर पिवळसर पांढरी पट्टी, एका कडेला खाच असलेली.

लेक फोनच्या आणखी जवळ सरकली.

"आता एक फडकं पाण्यात बुडवा, घट्ट पिळा, पट्टीवर ठेवा. वीस मिनिटं. आत खळ आहे, सरस नाही. पाणी लागलं की आपणहून सोडते. आम्ही बांधतो ते पुढच्याला सोडवता यावं असंच बांधतो."

"आणि अक्षरं? पाण्याने जातील ना?" लेक कुजबुजली.

"पेन्सिल आहे. पुस्तकाजवळ शाईची दौत आणत नाही मी."

वीस मिनिटं तिघे फडक्याकडे बघत बसले. मग क्रेनवाल्याने सांगायला सुरुवात केली. कधी कधी पेटी जहाजाच्या पोटात उतरवायची असते, तेव्हा वरून तळ दिसत नाही. खाली एक माणूस उभा असतो, तो हात दाखवतो. वर, खाली, डावीकडे, थांब. "आम्ही त्याला आंधळा उतार म्हणतो. नवीन पोरं वाकून बघायला जातात. बघायचं नसतं. बघितलं की आपण स्वतःच्या डोळ्यांवर चालायला लागतो, आणि डोळ्यांना तिथे काहीच दिसत नसतं."

"चुकत नाही कधी?"

"चुकतं की. तुम्ही तर वाचलंच असेल."

बाई चपापल्या. लेकीने आईकडे असं पाहिलं की विचारू नका.

"दिसलं," बाई म्हणाल्या. "वाचलं नाही."

तो दाढीत हसला. मग फडकं उचललं, पट्टीचं एक टोक नखाने सोडवलं, आणि तिथेच थांबला. फोन त्याने एका डब्याला टेकवून सरळ उभा केला. "आता आंधळा उतार. मी खिडकीकडे बघतो. खालचा माणूस तुम्ही."

"अहो, बघा खुशाल! माझा विश्वास आहे."

"तुमचा आहे, कळलं. पण ही माझी पद्धत आहे."

आणि त्याने मान वळवली. मागची खिडकी बघत बसला, आणि दोन बोटांत पट्टीचं टोक धरून हात वर उचलू लागला.

"हळू," बाई म्हणाल्या. "आणखी. उजवीकडे चिकटली आहे, उजवीकडे झुका. बस. आता सरळ वर. थांबा! कापडाची जाळी येतेय तिच्याबरोबर. थोडं खाली. आता सोडली. वर. वर. आली."

पट्टी फोनसमोर लोंबत होती, लिहिलेली बाजू इकडे. बाईंचं अक्षर, ओलं, फिकट, पण एकही शब्द गेलेला नाही. सहा ओळी, प्रत्येक ओळीत दोन शब्द. लेकीने वाचत वाचत एका कागदावर उतरवले आणि दुसऱ्या फोनवर बारा चौकटींत भरले. कासव सापडलं. लिंबू सापडलं. शेवटची चौकट भरली, बोट ठेवलं.

शब्द चुकीचे आहेत.

तिने एकेक तपासला. पुन्हा बोट ठेवलं.

शब्द चुकीचे आहेत.

"सगळे बरोबर आहेत गं!" लेकीचा आवाज फाटला. "अक्षर न् अक्षर बरोबर आहे! मग काय झालं?"

"हात खाली करू का?" खिडकीकडे बघत क्रेनवाला म्हणाला.

"नको, जरा थांबा, भाऊ." बाईंनी लेकीचा कागद ओढून घेतला. पाहिला. आणि हसू लागल्या. आधी ओठांत, मग खांदे हलतील एवढ्या.

"काय झालं आई? वेड लागलं का तुला?"

"अगं, तू हे ओळीने वाचलंस. हा जुज आहे!"

"काय आहे?"

बाईंनी एक कोरा कागद घेतला, मधोमध घडी घातली, त्यात दुसरा घडी घातलेला कागद सरकवला. "बाहेरच्या कागदावर पहिलं पान इकडे, आणि शेजारी कोण? शेवटचं. त्याच्या आतल्यावर दुसरं, आणि शेजारी शेवटून दुसरं. मी सव्वीस वर्षं बारा गोष्टी अशाच लिहिते. पहिल्याशेजारी शेवटची. डावीकडचे सहा वरून खाली ये, मग उजवीकडचे सहा खालून वर जा."

लेक आईकडे बघत राहिली. "मुद्दाम लिहिलंस असं? चोराला कळू नये म्हणून?"

"छे! मला आत्ता आठवलं."

डावीकडचे सहा, वरून खाली. उजवीकडचे सहा, खालून वर. लेकीचं बोट शेवटच्या चौकटीवर थांबलं, मग उतरलं.

वॉलेट उघडलं. चौदा महिन्यांची नाणी एका ओळीत, जशीच्या तशी. सगळ्यात वर चष्मेवालीची दोन.

लेक टेबलावर डोकं ठेवून हसली की रडली, ते बाईंनी पाहिलं नाही. त्या पडद्याकडे झुकल्या. "झालं, भाऊ. हात खाली करा. दुखला असेल."

"हा हात आठ तास तसाच असतो," तो म्हणाला, पण हात खाली केल्यावर त्याने खांदा चोळला.

"म्हणजे त्यांनी शब्द पाहिले असते," लेक डोकं वर करून म्हणाली, "तरी काही उपयोग झाला नसता. उगीच मान अवघडून बसले."

"ते तुला मला आता कळलं. त्यांना मान वळवली तेव्हा माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या. मग मोठ्याने, "वही परत पाठवा. टपालखर्च माझा, बांधणावळ नको. नवी पाठ घालून देते."

क्रेनवाल्याने सुट्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "उघडलीच आहे, तर गेल्या चार महिन्यांची पानंही आत घ्याल?"

"घेईन की. पण पाठ जाड होईल."

"होऊ द्या."

"आणि माझं हत्यार?" मागून आवाज आला.

*

लेकीने त्याच दुपारी सगळी नाणी नव्या वॉलेटमध्ये हलवली. जुने शब्द पडद्यावरून गेले म्हणजे जगाने पाहिले असं समजायचं, हा तिचा नियम. नवे बारा शब्द तिने स्वतः लिहिले, सरळ, एकाखाली एक, आणि कागद कुठे ठेवला ते आईला सांगायला साफ नकार दिला. मग मशीनपुरती नाणी विकून रक्कम बँकेत मागवली. दोन दिवस लागतील, असं ॲपने सांगितलं. बाई म्हणाल्या, "शेवटी कारकून आलाच मध्ये." पण त्यांचा आवाज चिडका नव्हता.

शुक्रवारी साडेअकराला रक्कम आली. पाऊण वाजता बाई बँकेतून रोख काढून छापखान्यात होत्या. भंगारवाल्याची हातगाडी दारात उभीच होती.

काकांनी नोटा घेतल्या, एक उजेडात धरली. "ही तुमची हवेतली नाणी ना? उद्या हवेत नाही ना जाणार?"

"हातात धरून बघा, काका. जड लागतात की नाही?"

"तुमची लेक म्हणत होती मला पण तसलं वॉलेट काढून देते. मी म्हटलं, बाई, मला माझ्या चष्म्याची जागा आठवत नाही."

"तुम्ही काढूच नका," बाई मनापासून म्हणाल्या.

भंगारवाल्यालाच मशीन न्यायचं भाडं मिळालं, त्यामुळे त्याचीही तक्रार राहिली नाही. चार जणांनी ते दोन गल्ल्या ओलांडून आणलं, दार अरुंद म्हणून चाक काढून आत घेतलं, पुन्हा बसवलं. माणसं घाम पुसत गेली. बाईंनी पात्याला तेल दिलं. शिवून ठेवलेला एक गठ्ठा आत सरकवला, कडा मशीनच्या पट्टीला टेकवली, दाब आवळला.

"थांब, फोन लावते," लेक म्हणाली. "शुक्रवार आहे, पण लोक येतील."

लोक आले. तीन मिनिटांत नऊशे. बाईंनी खिडकीकडे पाहिलंही नाही. दोन्ही हातांनी चाक धरलं आणि अंगाचा भार टाकला. पातं उतरलं, कागद एकदाच कुरकुरला, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्या टेबलाशेजारी एक सरळ कड तयार झाली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. उजवीकडे केसभर जास्त गेली होती. त्यांनी पट्टी सारखी केली, पुढचा गठ्ठा घेतला.

बाईंचा पहिला व्हिडिओ तीन जणांनी पाहिला होता. त्यातल्या दोघी याच खोलीत बसल्या होत्या.